भिंतीवरचा रिकामा खिळा

४ तारीख, सोमवार
माझं आयुष्य आज सकाळी बदललं, तेही चहा मिळायच्या आधी. मामाने मला या मूर्तिकाराच्या कारखान्यात आणून उभं केलं. पोराने कॉलेज अर्धवट सोडलंय, डोकं तापट आहे, पण हात बरा आहे, अशी माझी शिफारस केली आणि तो सटकला. मास्तरांनी (त्यांना सगळे मास्तरच म्हणतात) मातीचा एक गोळा पुढे टाकून सांगितलं, मळ. मी तो फळीवर असा आपटला की शेजारची बादली हलली. मग बोटं आपोआप चालू लागली. मातीतून तिचं नाक निघालं, मग हनुवटी. ती म्हणजे तीच, जिने जिन्यात सगळ्यांदेखत मला नाही म्हटलं आणि जिच्यापायी मी एका हसणाऱ्याचा दात पाडून कॉलेजला रामराम ठोकला.

मास्तरांनी तो गोळा उजेडाकडे वळवला. म्हणाले, याला ठेवून घ्या, हा चांगला दुखावलेला आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुखण्याला कुणीतरी किंमत दिली. मी खूश.

राहायला पोटमाळा आहे. खाली लांबलचक खोली, ओल्या फडक्यांत गुंडाळलेली मातीची डोकी, मागे भट्टी. पुढच्या खोलीत भिंतीवर प्लास्टरचे चेहरे ओळीने टांगलेत, सगळ्यांचे डोळे मिटलेले. ओळीच्या शेवटी एक रिकामा खिळा. मी त्यावर टोपी अडकवली तर भट्टीवाल्याने लगेच काढून हातात दिली. म्हणाला, ती डोक्यावरच ठेव बाबा, आत काही नसलं तरी ऊन तरी लागणार नाही. माणूस मजेशीर आहे.

७ तारीख, गुरुवार
इथली एक गंमत. सकाळी मातीला हात लावण्याआधी मास्तर प्रत्येकाला विचारतात, झोप लागली का. जो ‘छान लागली’ म्हणेल त्याने त्या दिवशी लाकडं फोडायची. सुखी माणसाच्या हातची माती अळणी होते, असं मास्तरांचं ठाम मत. मलाही ते शंभर टक्के पटलं. मी रात्रभर तळमळतो आणि दिवसभर तिचं डोकं घडवतो, आणि काय घडतंय ते.

भट्टीवाल्याला मात्र ढाराढूर झोप लागते, म्हणून तो भट्टीवर. पूर्वी तोही डोकी करायचा. भिंतीवरचे चेहरे इथल्या कारागिरांच्या माणसांचे, तिसरा त्याच्या बायकोचा. सरपण आणायला गेला होता, परत आला तर ती झोपेतच गेलेली. नशीब, त्याच सकाळी ती जिवंत असताना मास्तरांनी स्वतः तिच्या चेहऱ्याचा साचा घेऊन ठेवला होता. त्या वर्षीचं त्याचं काम बघायला लोक लांबून आले म्हणे. मग दुःख निवलं आणि हातही गेला. हे सगळं तो भाकरी चावत चावत सांगत होता.

११ तारीख, सोमवार
जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायला शिकलो. भट्टीवाल्याला पाठीवर निजवला, तोंडाला तेल चोपडलं, श्वासासाठी नाकपुड्यांत दोन नळ्या घातल्या आणि वरून प्लास्टर. घट्ट होताना ते चांगलंच तापतं. पुढे त्या साच्यातून चेहरा काढला की नाकाखाली नळ्यांचे दोन खुंट राहतात, ते कानशीने घासावे लागतात. कितीही घासा, ओरखडे उरतातच. भट्टीवाला स्वतःचा चेहरा बघून म्हणाला, एवढा देखणा नवरा बायकोने नीट बघितलाच नाही.

१५ तारीख, शुक्रवार
ती आली!

मामाकडून पत्ता काढून आली. म्हणाली, तू विचारलंस असं की जणू भांडायलाच आलायस, मग मी काय हो म्हणणार होते? मातीतलं डोकं बघून विचारलं, माझं नाक खरंच एवढं मोठं आहे का रे, की राग काढलायस. मी हसत सुटलो. मास्तर दारात उभे राहून बघत होते.

१९ तारीख, मंगळवार
डोकं बिघडलं. मातीचं. नाक लहान केलं, ओठ हसरे केले, आता साबणाच्या जाहिरातीसारखं दिसतंय. झोप लागली का, विचारलं. छान लागली, म्हणालो. लाकडं फोडली, शीळ घालत.

मास्तर रागावले नाहीत. उलट तिच्याशी फार गोड बोलतात. तिचा चेहरा साच्यात घेऊ, मला म्हणाले, तुला कायमचा राहील. तिला मजा वाटली. रविवारी ठरलंय.

२४ तारीख, रविवार
घाईत आहे. तरी लिहितो.

ती टेबलावर निजली होती. मास्तर म्हणाले प्लास्टर कमी पडेल, जा, पोतं घेऊन ये. पुढच्या खोलीत टोपी घ्यायला थांबलो. खिडकीतून ऊन भिंतीवर पडलं होतं. भट्टीवाल्याची बायको. नाकाखाली गुळगुळीत. एकही ओरखडा नाही. शेजारचा चेहरा, त्याच्या शेजारचा — कुणालाच नाही. सगळ्यांची तोंडं किंचित उघडी —

धावलो. तिला पट्ट्यांनी बांधलं होतं. टाचा आपटत होत्या. नळ्या टेबलाखाली पडलेल्या. मास्तर शांतपणे म्हणाले, थोडंच राहिलंय, मग बघ तुझा हात कसा चालतो.

प्लास्टर नखांनी उचकटलं. श्वास आला. आला.

मग हातोडा. आधी मास्तरांचा एक गुडघा. मग दुसरा.

आवाज ऐकून भट्टीवाला आला. मी भिंतीकडे बोट केलं. तो गेला, बायकोच्या नाकाखाली अंगठा फिरवला, परत आला आणि मास्तरांना टेबलावर चढवायला त्यांचे पाय धरले.

तोच दिवस, जरा वेळाने
प्लास्टर तापतंय. हात लावून बघितलं. इथेच शेजारी बसून लिहितोय, नाहीतर उठून काढून टाकेन. टाचा अजून —

ती कोपऱ्यात. चेहरा लाल, भाजल्यासारखा. म्हणते, काढ ते, पुरे, चल इथून. मी म्हटलं, आणखी थोडं, हललं तर साचा बिघडेल.

ती माझ्याकडे कशी बघत होती —

टाचा थांबल्या. ती बाहेर गेली.

संध्याकाळ
साच्यातून मास्तरांचा चेहरा काढला. पापणीची एकेक सुरकुती. इतकं चांगलं काम या कारखान्यात आजवर कुणाकडूनच झालेलं नाही. भट्टीवाला बघून रडला. मास्तरांचं म्हणणं चुकीचं होतं. साफ चुकीचं. दुःखाचा काही संबंध नाही, ओतताना माझा हात एकदाही हलला नाही, मी मनातल्या मनात गात होतो —

खिळ्यावर टांगला. बसला बरोबर.

टोपी घेतली. निघतो. ती रस्त्याच्या कडेला उभी असेल, तिला सांगायलाच हवं. वही एका हातात, दार ओढून घेतोय. तिला सांगायचंय की जन्मात मी कधी इतका —