दोन गाण्यांमधली जागा

४ जानेवारी

"कारखान्यानं घरी बसवलेल्या माझ्या भावाबहिणींनो, शरीर झिजलं आपलं, आणि पुरावाही आपणच आणायचा!" — आज कचेरीसमोर सुरुवात अशी केली. टाळ्या पडल्या. जुनी माणसं, जुन्या टाळ्या. मग सगळे चहाला पांगले आणि मी अक्काच्या भरपाईच्या दाव्याला कंपनीनं दिलेलं उत्तर पुन्हा वाचत बसलो.

कंपनीचं म्हणणं एका ओळीत मावतं: बाई नोकरीत होत्या तोवर घसा ठणठणीत होता, रोग नंतरचा. माझी सख्खी मोठी बहीण. धुलाई खात्यात, ॲसिडच्या वाफेत, उभं आयुष्य काढलं. नोकरी सुटल्यावर चार वर्षांनी, घशाच्या कॅन्सरपायी, डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्याला भोक आणि हातात पाटी. कारखान्याच्या दवाखान्यातले तेव्हाचे कागद म्हणे पाण्यात भिजले. बरोबर तेवढेच भिजले! पाण्यालाही पगार मिळत असावा.

एक गोष्ट सुचली आहे. उद्या भाचीशी बोलतो.

५ जानेवारी

भाची म्हणजे अक्काची लेक, रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करते. तिला विचारलं, तुझ्या आईच्या त्या चपट्या चौकोनी डिस्का आहेत का अजून? आहेत. बुटांच्या खोक्यात, वर फडकं घालून.

फाटकासमोरच्या सभांचे ते दिवस. माझ्या भाषणाआधी अक्का गायची. मागे तिच्याच खात्यातल्या चार बाया कोरसला. गाणी तिचीच, पण कागदावर एकही नाही. तेव्हा तिनं हौसेनं तळहाताएवढं यंत्र घेतलं होतं. मिनीडिस्क म्हणतात त्याला. कॅसेट म्हातारी झाली होती, मोबाइल जन्मायचा होता, त्या मधल्या काळातलं हे पोर. आज कोणी विचारत नाही. यंत्र खिशात घालून, माइक पदराला टोचून अक्का उभी राहायची आणि सगळं टिपून घ्यायची.

माझा बेत साधा आहे. न्यायाधीशांना तिचं एक गाणं ऐकवायचं. काय हिरावलं गेलं ते कागदावर कळत नाही, कानाला कळेल.

८ जानेवारी

मला वाटलं होतं, डिस्क घातली की गाणी बदाबदा संगणकात पडतील. तसं नसतं. यंत्रावर गाणं वाजवायचं, तारेनं ते संगणकात न्यायचं, आणि तिकडे ते पुन्हा मुद्रित होईपर्यंत गप्प बसायचं. गाणं जेवढं लांब तेवढाच वेळ. मी सारखा घड्याळ बघत होतो तशी भाची म्हणाली, "मामा, तुझ्या भाषणात आम्ही असेच बसायचो."

यंत्रही मरणपंथाला लागलंय. तबकडी वाचणारी त्याची काच मंद झाली आहे. आधी हातात धरून ऊब द्यायची, मग ते वाचतं, मग मध्येच अडखळतं. दिवसभरात एक डिस्क निघाली, अक्काच्या नोकरीतल्या शेवटच्या वर्षाची. बाकीचं अख्खं खोकं अजून तसंच आहे.

पण काय आवाज! स्वच्छ, भरलेला, कुठे कचरा नाही. "धुऊन धुऊन पांढरं केलं, कुणाचं गं हे कापड?" — ही ओळ ती एका दमात घ्यायची आणि शेवटी वर नेऊन सोडायची. माझ्या अंगावर आजही काटा आला.

अक्का ऐकायला आली नाही. स्वयंपाकघराचं दार लावून बसली. मध्येच आतून ताटावर पळी आपटली. म्हणजे आवाज कमी करा.

१५ जानेवारी

लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

सुनावणीत गाणं वाजवलं. शिपाई दारात थबकला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग कंपनीचा वकील उठला. चांगला, मृदू बोलणारा माणूस. असल्यांचीच भीती असते. त्यानं विचारलं, हे गाणं नक्की कधीचं? मी ताठ मानेनं सांगितलं, नोकरीतल्या शेवटच्या वर्षाचं. यंत्रानं तारीखही नोंदवली आहे.

तो म्हणाला, "शेवटच्या वर्षाचं. आणि इतका लांब दम. एवढा निर्मळ गळा. मला आणखी काही विचारायचं नाही, साहेब. आभार."

माझे आभार! मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या तोंडानं त्याला पुरावा नेऊन दिला. बहिणीच्या गाण्यानंच बहिणीचा दावा बुडवला. इतिहासातल्या कितीतरी फितुरांना व्यासपीठावरून नावं ठेवली असतील. त्यातल्या एकानंही शत्रूला किल्ली अशी टाळ्यांच्या अपेक्षेनं दिली नसेल.

अक्का मागच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात सहन होईना.

पुढची सुनावणी शेवटची. तोवर ती नोकरीत असताना खोकत होती असं दाखवता आलं तर ठीक. नाहीतर संपलं.

१६ जानेवारी

दिवसभर तोंडातून शब्द नाही. माझ्या! शेजारी येऊन विचारून गेला, तब्येत बरी आहे ना?

१८ जानेवारी

धीर करून अक्काला विचारलं. तेव्हा खोकला होता का?

पाटीवर लिहिलं: रोज.

मग गाण्यात कसा नाही? सभांत आम्ही सगळे खोकायचो, मला आठवतं. धूळ होती, वाफ होती.

तिनं पाटी पुसली आणि लिहिलं: कापला.

मग हळूहळू, पाटी भरत-पुसत तिनं सांगितलं. सभेहून घरी आलं की कानात इअरफोन घालून ती डिस्क ऐकायची. गाणं संपलं की पुढचा खोकला, खाकरणं, बायांची बडबड, माझं भाषण, सगळं तोडून पुसून टाकायची. (माझं भाषणही! विचारलं तर खांदे उडवले. जागा लागायची म्हणे.) मग एकामागून एक नुसती गाणी उरायची.

धुलाई खात्यातली बाई. कापड धुतलं, तसं गाणंही धुऊन ठेवलं.

१९ जानेवारी

भाचीला सांगितलं. ती एकदम सरळ होऊन बसली. म्हणाली, पुसलं म्हणजे गेलं असं या डिस्कवर नसतं.

मला समजलं ते असं. डिस्कच्या एका टोकाला अनुक्रमणिका असते. कुठलं गाणं कुठे सुरू, कुठे संपतं. तुम्ही काही पुसलं की यंत्र फक्त अनुक्रमणिकेतली ती ओळ खोडतं. आवाज जागच्या जागी असतो, फक्त यंत्र तिकडे फिरकत नाही. त्यावर नवं काही मुद्रित केलं नसेल तर अजूनही असेल. आणि त्या वर्षाची डिस्क ही अक्कानं भरलेली शेवटचीच. सभेहून आल्यावर एकदाच पुसली, पुढे तिच्यावर काही भरलंच नाही.

आयुष्यभर ग्रंथ वाचले, तरी हे ऐकून थक्क झालो. अनुक्रमणिका फाडली म्हणून धडे जात नाहीत!

युक्ती अशी: दुसरी कोरी डिस्क घालून ती शेवटपर्यंत शांततेनं भरायची. भरली की यंत्र अनुक्रमणिका लिहायला निघतं. ते लिहिण्याआधी, झाकण उघडल्याचं यंत्राला कळू न देता, डिस्क बदलायची. मग यंत्र आपल्या डिस्कवर लिहितं, 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गाणं.' आणि सगळं सलग वाचू लागतं. खोडलेलंही.

पण यंत्राचं काही खरं नाही. "मामा, एवढी ओढाताण ते एकदाच सोसेल. एक तर ही डिस्क, नाहीतर खोक्यातली उरलेली गाणी. दोन्ही होतील असं मला वाटत नाही."

दुसरं यंत्र? शोधलं. ज्यांच्याकडे होतं त्यांनी भंगारात दिलं. एकाकडे आहे, तेही मेलेलं.

२० जानेवारी

अक्का नाही म्हणते.

मी तासभर बोललो. न्याय म्हणजे काय ते सांगितलं. एका बाईचा दावा हा सगळ्या कामगारांचा दावा असतो हे सांगितलं. भाची मध्येच उठून गेली. अक्का शांतपणे ऐकत होती, जशी पूर्वी स्टेजच्या बाजूला बसून ऐकायची.

मग पाटी: त्यात मी गाते. खोकत नाही.

मी म्हटलं, अक्का, गाणी राहतील गं—

पाटी: उरलेली गाणी कशी राहतील? यंत्र मेलं तर?

मी पुन्हा न्यायाकडे वळलो. तिनं हात वर करून थांबवलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: मी गेल्यावर पोरीनं काय ऐकायचं?

ती पाटी पुसून निघून गेली.

२१ जानेवारी

तिच्याशी भांडून आलो. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी भांडणं सोपं असतं. लाज वाटते.

२४ जानेवारी

चिमणी आली होती अक्काला भेटायला. कोरसमधली सगळ्यात लहान. आवाज बारीक म्हणून तेव्हा सगळ्या चिमणी म्हणायच्या. आता डोकं पिकलंय. दारातूनच मला म्हणाली, "काय भोंगा, अजून वाजतोय का?" फाटकावर माझं नाव भोंगा होतं. कारखान्याचा बंद पडला तरी हा बंद पडत नाही म्हणून.

आवाज मात्र जाड, घोगरा झालेला. मी थट्टा केली तर म्हणाली, वय झालं, आता चिमणी कसली, कावळीण म्हणा. अन्नही जरा जपूनच गिळावं लागतं म्हणाली, आणि हसली.

अक्का हसली नाही. तिच्याकडे एकटक बघत राहिली. मी वर्तमानपत्र आणायला बाहेर गेलो. परत आलो तर दोघी हातात हात घेऊन बसलेल्या.

२५ जानेवारी

अक्कानं सकाळी खोक्यातून ती डिस्क काढून भाचीच्या हातात दिली. पाटीवर: हीच कर.

मी विचारलं, आणि उरलेल्या? तिनं फडकं पुन्हा खोक्यावर घातलं, कडा दाबून बसवल्या.

का मन बदललं ते सांगितलं नाही. त्या दिवशीचं माझं बोलणं उशिरा का होईना लागू पडलं असणार. चांगलं भाषण बियाण्यासारखं असतं, आज पेरलं तर आज उगवत नाही.

२७ जानेवारी

दुपारी केलं.

झाकण बंद आहे की नाही हे यंत्र एका इवल्याशा खिट्टीवरून ओळखतं. भाचीनं तीत दात कोरायची काडी अडकवली. कोरी डिस्क शांतता भरत फिरत होती. आम्ही तिघं टेबलाभोवती. शांतता मुद्रित करताना माणसाला किती शांत बसावं लागतं! खरं तर गरज नव्हती, माइक लावलाच नव्हता. तरी कोणी बोललं नाही.

डिस्क भरली. झाकण उघडलं, ही काढ, ती घाल, काडी तशीच. भाचीनं झाकण पुन्हा मिटलं. यंत्र घरघरलं. थांबलं. पुन्हा घरघरलं. मग छोट्या पडद्यावर: गाणं एक.

ती इअरफोन लावून ऐकू लागली, संगणक टिपत होता. पहिलं गाणं संपलं आणि तिचा चेहरा बदलला. एक इअरफोन मला दिला. खोकला! छाती फोडणारा, लांबलचक. आहे! शेवटच्या वर्षाचा, तारखेसकट! मी तिथूनच उठलो, आमच्या वकीलबाईंना फोन करायला बाहेर पळालो.

परत आलो तोवर डिस्क संपत आली होती. शेवटचं गाणं अर्ध्यावर असताना यंत्र बंद पडलं. ऊब दिली, बॅटरी बदलली. नाही. उरलेलं खोकं आता मुकं.

अक्कानं यंत्र उचललं, आपल्याच रुमालानं पुसलं आणि कपाटात ठेवलं.

२८ जानेवारी

आज पहिल्यापासून सगळं ऐकलं. अक्का शेजारी.

गाणं संपतं आणि खोकला सुटतो. एकीचा नाही, पाचजणींचा. गाणं चालू असेतो छातीत दाबून धरलेला, आणि शेवटच्या सुराबरोबर सगळ्यांचा एकदम. प्रत्येक गाण्यानंतर. मी तेव्हा दहा पावलांवर उभा असायचो आणि मनात भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत असायचो. अक्का एकेक खोकला ओळखून बोट दाखवत होती. पहिला स्वतःकडे. दुसऱ्याला पाटीवर: चिमणी. अक्काचं मन माझ्या बोलण्यानं वळलंच नव्हतं.

उद्याच्या सभेचं भाषण लिहून झालं. एवढंच आहे:

"धुलाई खात्यात काम केलेल्या बायांनो, माझं ऐकत बसू नका. आत्ता उठा, इथून सरळ दवाखान्यात जा, आणि घसा तपासून घ्या."