बर्फावर बसलेला हंस

बाबा, आज सकाळी तळं पुन्हा गोठलंय, तुम्ही इथे जर्मनीत, येनाला आला होतात त्या हिवाळ्यासारखं, या काठापासून त्या काठापर्यंत. बदकं सगळी नदीवर, बंधाऱ्याच्या खाली गेली आहेत. आल्यावर तिसऱ्याच दिवशी तुम्ही मला समजावलं होतं, "पाणी पडतं, खळखळतं, तिथे बर्फ धरत नाही. बदकांना आपल्यापेक्षा जास्त अक्कल असते." जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला; निवृत्त होऊन लेकीकडे आलात तरी खातं काही सुटलं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात चहाबरोबर रोजचा अहवाल असायचा: कलहंस दिवसा शेतात चरतात आणि दिवेलागणीला पाण्यावर परततात, बदकं मात्र वाहतं पाणी सोडत नाहीत. मी मान डोलवायचे आणि डबा भरायचे.

मग एका सकाळी तुम्ही धापा टाकत घरी आलात आणि म्हणालात: तळ्याच्या मध्यावर एक हंस तासभर हललेला नाही, त्याचे पाय बर्फात अडकलेत, कुणाला तरी फोन कर. मी अग्निशामक दलाला फोन केला. माणसं आली, बर्फावर शिडी आडवी टाकली, एकजण पोटावर सरकत हंसापाशी पोचला. तेव्हा हंस उठला, पंख झटकले आणि चार पावलं लांब जाऊन पुन्हा बसला. तो माणूस हसत मला म्हणाला, "आल्झो, म्हणजे, तो नुसता बसलाय. पाय पिसांत ओढून घेतात, ऊब टिकते." काठावर माझ्या ऑफिसातले दोघं उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि घरी येताच मी तुमच्यावर उखडले. "बाबा, इथे प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नका. नुसतं बसलेल्याला नुसतं बसू द्यायचं असतं." तुम्ही "बरं" म्हणालात. उरलेले दिवस हीटरजवळ बसून काढलेत, तळ्याकडे फिरकला नाहीत. खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

तुम्ही भारतात परतलात, आणि पुढच्या वर्षी एका रविवारी फोनवर तुमचा आवाज खोल गेलेला होता. काय करताय, म्हटलं, तर म्हणालात, "काही नाही गं, नुसता बसलोय. छातीत जरा जड वाटतंय, ॲसिडिटी असेल." तुमच्या शेजारच्या काकूंचा नंबर माझ्याकडे होता. जरा डोकावून या, एवढंच सांगायचं होतं. उगाच गाजावाजा नको म्हणून मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला केला, तुम्ही खुर्चीतच गेलात हे सांगायला. सगळं आटोपून मी परत आले आणि पुढच्या सोमवारी कामावर गेले. तेव्हा रडू आलं नाही, इतक्या वर्षांत कधीच आलं नाही. लोक मला खंबीर म्हणतात. मी खंबीर नाही बाबा, बधिर झालेय.

आज तळ्यावर एकच हंस होता, मध्यावर, मान पिसांत घालून. मी हातमोजा काढला आणि फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, तो हलतोय का? मी नाही म्हटलं. गाडी आली, पण शिडी उतरवायच्या आतच हंस उठून नदीच्या दिशेने चालायला लागला. त्यांच्यातला एकजण समजुतीने म्हणाला, "पुढच्या वेळी थोडं थांबून बघा." मी "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाले, माफी मागितली. तुम्ही इथे विसरून गेलेल्या चष्म्याच्या डबीत हा कागद घडी करून ठेवणार आहे. त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. तो नुसता बसलाय, हे फोन लावायच्या आधीच मला ठाऊक होतं.