ड्रम सयाजीला देण्याबाबत

मी, साहेबराव भिवा रोकडे, वय त्रेचाळीस, धर्म बौद्ध, धंदा कंपनीत नोकरी (प्रेस शॉप), राहणार दापोडी, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. आज फक्त चहा घेतलेला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. बायकोचा आहे, पण तो रोजचाच, त्याला वकीलसाहेब दाब धरत नाहीत.

हे लिहिण्याचे कारण असे की दिवाळीनंतर माझ्या मानेला गाठ आली. डॉक्टर तोंडाने काही बोलेनात आणि कपाळावरच्या आठ्या लपवता येईनात, तेव्हा मी मनातल्या मनात सगळी वाटणी करून ठेवली. फार घाबरलो होतो, खोटे कशाला बोलू? मग गाठीचा तुकडा तपासून आला. गाठ साधी निघाली, काढली, टाकेही निघाले. ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "जा घरी, काही नाही," त्या दिवशी मी दवाखान्याबाहेर उभा राहून दोन भजीपाव खाल्ले आणि रडलो. वकीलसाहेब म्हणतात, आता मृत्युपत्राची घाई काय? मी म्हटले, साहेब, भीत भीत लिहिण्यापेक्षा बरे वाटत असताना लिहू. अक्षर तरी नीट येईल.

कलम १. दापोडीची राहती दीड खोली, तिच्यावरचे पत्रे, आतली भांडी, पंखा व रेडिओ माझी पत्नी गिरजाबाई हिला. फंडालाही तिचेच नाव आहे. ती हयात असेपर्यंत तिला कोणी उठवू नये. माझ्या भावकीला हे वाचताना वाईट वाटेल, तर वाटू द्यावे.

कलम २. माझे पान्हे, फायली, हातोड्या व पत्रा कापायची कात्री माझी मुलगी प्रज्ञा हिला. जावई येईल तेव्हा येईल, अवजारे त्याची नाहीत. घरातली इस्त्री बिघडली की तीच उघडते आणि तीच पुन्हा बंद करते. मी उघडली की एक स्क्रू उरतो.

कलम ३. पुण्याचे ऑर्केस्ट्रावाले उद्धवराव यांना माझ्याकडून काहीही नाही. त्यांनी मला व माझ्या जोडीदाराला त्यांच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसायला बोलावले होते. आम्ही म्हटले, आम्ही दोघेच वाजवतो, दोघेच गातो, गाणीही आमचीच. त्यावर ते चार माणसांत हसून म्हणाले, "अहो, दोघांचा ऑर्केस्ट्रा होत नाही, दोघांचं भांडण होतं." पुढे तसेच झाले, म्हणून तर मला ते जास्त लागले. आता राग गेला आहे. तरी काही नाही म्हणजे नाही.

कलम ४. हे मुख्य कलम आहे. माझा ड्रमसेट, म्हणजे मोठा ड्रम, दोन बारके, पितळी थाळ्या आणि पायाचे पेडल, हा माझा जोडीदार सयाजी कोंडीराम ढवळे, राहणार पुनावळे, याला द्यावा. का, ते लिहितो, कारण गिरजाबाई विचारणारच.

मोठा ड्रम मी खडकीच्या भंगारातून उचलला. लष्कराच्या बँडमधून टाकून दिलेला होता. कंपनीतल्या वेल्डरने त्याला पाय लावून दिले. घरी आणला तेव्हा माझे वडील भिवा रोकडे ओट्यावर बसले होते. त्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात स्वतःची हलगी चुलीत घातली. पाटलाच्या लग्नात उपाशीपोटी वाजवून वाजवून त्यांचा हात वाकडा झाला होता. ड्रम बघून ते म्हणाले, "मी जाळली, आन तू परत वाजवायला निघालास व्हय रं? कुणाच्या दारात?" मी म्हटले, दादा, दारात नाही, स्टेजवर. लोक तिकीट काढून खुर्चीत बसणार. ते म्हणाले, "बघू."

सयाजी आमच्याच कंपनीत टूलरूमला होता. पुनावळ्याचा शेतकरी गडी, पण सुपरवायझरच्या घरी इंग्रजी रेकॉर्डी ऐकून याला गिटारचे वेड लागलेले. म्हणायचा, "भावा, याला रॉक म्हणत्यात. दोघं बी बास हायती." त्याच्या मळ्यातल्या पंपघरात आम्ही तालीम करायचो. पहिल्या दिवशी त्याच्या घरच्यांनी माझ्यासाठी चहाचा कप वेगळा, बाहेर कोनाड्यात ठेवला. सयाजीने तो बघितला, स्वतःचा कपही त्याच कोनाड्यात नेऊन ठेवला आणि आईला म्हणाला, "आता हितंच दोन कप ऱ्हातील." पुढच्या आठवड्यात दोन्ही कप घरात गेले. त्याने यावर एक शब्द कधी काढला नाही. मीही आजच काढतो आहे.

आमच्या पट्ट्यात वीज वाटून घ्यायची म्हणून कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्यामुळे आम्ही वाजवणार ते गुरुवारी, आणि आमचे नावही 'गुरुवार' पडले. शिफ्ट जुळाव्यात म्हणून दोघांनी कोणाकोणाचे पाय धरले ते लिहीत नाही. कंपन्यांचे वार्षिक दिवस, कॉलेजांची गॅदरिंग, मग पुण्यातले हॉल, असे करत दहा वर्षांत आमच्या नावावर तिकीट खपायला लागले. एकदा मला कंपनीत पत्रा ठोकायची नवी प्रेस मिळाली. तिचा ठोका जलद. तोच अंगात भरला आणि आमची सगळी गाणी पळायला लागली. सयाजी भर स्टेजवर ओरडला, "आरं हळू! गाणं हाय, प्रोडक्शन काढतोस का?" लोकांना वाटले, हा गाण्याचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. पुढे आम्ही तो ठेवलाच.

वडील एकदाच आले. चिंचवडला, पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून. सगळा वेळ त्यांनी माझ्याकडे नाही, मागच्या खुर्च्यांवरच्या लोकांकडे बघितले. निघताना म्हणाले, "बसून ऐकत्यात की रं." एवढेच. ते गेले, पण हे बघून गेले, याचे मला आजही फार समाधान आहे.

कलम ५. आमचे भांडण कशावरून झाले, हे लोक चुकीचे सांगतात. बाई नव्हती, पैसा नव्हता, जात तर नव्हतीच. मुंबईच्या एका मोठ्या क्लबचा मालक पुण्यात आमचे ऐकून गेला. म्हणाला, "येत्या सुट्टीला या, तुमचाच कार्यक्रम ठेवतो, रेकॉर्ड काढणारे बोलावतो." सुट्टी म्हटल्यावर आमच्या डोक्यात दुसरा वार येणार कुठून? गुरुवारी ड्रम, गिटार, ॲम्प्लिफायर घेऊन आम्ही क्लबच्या दारात. दाराला कुलूप. झाडूवाला म्हणाला, "परवाच्या रविवारी सगळे वाट बघून गेले." साऱ्या जगाला सुट्टी रविवारी असते, हे आम्हां दोन शहाण्यांना मुंबईच्या फुटपाथवर कळले. मालक नंतर भेटलाही नाही.

येताना गाडीत मी म्हटले, तू विचारायचे होतेस. तो म्हणाला, तू. पिंपरी येईपर्यंत तेवढेच चालले. मग तो उतरला आणि अबोला. त्याने मुद्दाम माझ्या उलटी शिफ्ट मागून घेतली. तो गेटातून आत यायचा, मी बाहेर पडायचो, आणि दोघेही नोटिस बोर्ड वाचायचो. बोर्डावर काही नसले तरी. असे कैक वर्षे चालले. ड्रमवर गिरजाबाई पापड वाळवू लागली.

गाठीचा तुकडा काढला त्या दिवशी दवाखान्यात डोळे उघडले, तर स्टुलावर सयाजी. केस पांढरे झालेले. मी विचारले, आज वार कोणता? म्हणाला, "रविवार. रजा टाकून आलोय." मला टाके असल्यामुळे हसता येईना. तो मात्र हसला आणि रिपोर्ट येईपर्यंत रोज येत राहिला. वाजवायचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. आमचे वय झाले असे त्याला वाटत असेल, म्हणून मी गप्प राहिलो. पण माझ्यामागे ड्रम भंगारात जाऊ नये, त्याच्या गिटारशेजारी उभा राहावा, एवढीच माझी इच्छा आहे. म्हणून कलम ४.

कलम ६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा. बँड लावू नये. ते ताल सोडतात, आणि मला उठून सांगता येणार नाही.

सही करण्यापूर्वीची दुरुस्ती. वरील मजकूर वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचला तेव्हा सयाजी ढवळे हजर होता. मी त्याला फक्त सोबतीला बोलावले होते. कलम ४ ऐकून तो उठला. म्हणाला, "तुझा ढोल घिऊन मी काय करू रं? मला वाजवता येतो का? मला ढोल नको, वाजवणारा पायजे." मग त्याने टेबलावरचे पेन उचलले आणि साक्षीदाराच्या जागेवर सही करायला वाकला. वकीलसाहेब घाईने म्हणाले, "अहो थांबा, साक्षीदार झालात तर यातलं काही तुम्हाला देता येणार नाही!"

"म्हून तर करतोय," सयाजी म्हणाला.

सबब कलम ४ रद्द. सदर ड्रम तूर्त कोणालाही जात नाही. पंपघर झाडून ठेवले आहे असे सयाजी सांगतो. गिरजाबाईने पापडांची सोय दुसरीकडे करावी.

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून, हसत सही केली आहे.

ठिकाण: दापोडी
तारीख: १२ मार्च १९८१, गुरुवार

सही: साहेबराव भिवा रोकडे

साक्षीदार:
१. दुर्गाबाई किसन शेंडगे, शेजारीण, दापोडी (ड्रमच्या आवाजाची तक्रार राखून)
२. सयाजी कोंडीराम ढवळे, पुनावळे (वार विचारून आलो आहे)