नाव दिलेलं पिल्लू

४ सप्टेंबर

आजारी कुत्री मुद्दाम जन्माला घालून कुणाचं भलं होतं गं, असं आईने फोनवर विचारलं. ती कोंबड्या कापायच्या कारखान्यात काम करते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. तिला एवढंच म्हटलं, की हा आजार लहान मुलांनाही होतो. औषध सापडलं तर ती मुलं चालतील, बोलतील.

नोकरीचा पहिला दिवस मात्र फार छान गेला. विद्यापीठाचं हे कुत्र्यांचं घर मक्याच्या शेतांना लागून आहे. बीगल जातीची सहा पिल्लं आहेत. सहाही जणांना आईबापाकडून आलेला तोच आजार. मेंदूत हळूहळू पाणी साचत जातं. इथली रीत अशी, की नव्या माणसाने एका पिल्लाला नाव द्यायचं. बाकीच्यांना नुसते आकडे. कुठलंही घेऊ का, असं मी विचारलं. माझ्याआधी लागलेली ग्रेटा म्हणाली, "आवडेल ते घे गं." माझ्या बुटाची नाडी चावत बसलेलं पिल्लू मी उचललं. नाव ठेवलं वॅफल! प्रमुख डॉक्टर हॅगेडॉर्न यांनी टाळ्या वाजवल्या, डोनट वाटले. ग्रेटाचे डोळे भरून आले. हळवी दिसते. डोनटला हात न लावता ती मागच्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने रिकामी चादर घेऊन बाहेर आली.

१९ सप्टेंबर

आज पिल्लांचे पहिले एमआरआय. भूल दिली की त्यांच्या जिभा बाहेर लोंबतात. त्या मी ओल्या कापसाने पुसत राहते. पडद्यावर मेंदू करडा दिसतो, पाणी पांढरं. वॅफलच्या डोक्यात मधोमध दोन नाजूक चंद्रकोरी आहेत. खरं सांगायचं तर सुंदर दिसतात.

३ ऑक्टोबर

औषध सुरू झालं. पाच पिल्लांना. वॅफलला नाही.

राहून गेलं असेल म्हणून मी डॉक्टरांना आठवण करून दिली. एक पिल्लू औषधाविना ठेवावंच लागतं, त्या म्हणाल्या, नाहीतर औषधाने काय केलं हे कळणार कसं? आणि ते कुठलं, हे ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने ठरवायचं. म्हणजे पक्षपात होत नाही.

ग्रेटाला जाब विचारला. "माझ्यावर कशाला डाफरतेस? तुझ्याआधी मीच नवी होते." तिच्या कुत्रीचं नाव ऑलिव्ह होतं. एवढंच बोलली आणि वाट्या विसळू लागली.

७ नोव्हेंबर

वॅफलचं डोकं वाढलंय. भिंतीला कपाळ टेकून उभा राहतो, कितीतरी वेळ. त्याची भावंडं अंगणातल्या पाचोळ्यात लोळतात. औषध लागू पडतंय. त्या मुलांसाठी ही चांगली बातमी आहे. मला आनंद व्हायला हवा.

त्याला आता दिसत नाही. हाक मारली की हुंगत हुंगत येतो. डॉक्टर माझं कौतुक करत होत्या. तुझ्या आवाजाने हा भूल देताना धडपडत नाही, म्हणाल्या, असं जनावर मिळणं भाग्याचं.

१२ डिसेंबर

चंद्रकोरी नाहीत आता. सगळं पांढरं. कडेने मेंदूची नुसती साल उरलीये —

हात लावला तरी किंचाळतो. माझा हात असला तरी.

सोडवा त्याला, म्हटलं डॉक्टरांना. गुडघ्यांवर बसून म्हटलं. पुढच्या वेतातल्या पिल्लाला नाव पडलं की मोकळा, म्हणाल्या. तुलनेची जागा रिकामी ठेवता येत नाही. पिल्लं झाली आहेत. नवी मुलगी सोमवारी येते.

तिला सगळं सांगणार. आल्या आल्या.

१६ डिसेंबर

मारिसोल. टेक्सासची. बर्फ पहिल्यांदाच पाहिला म्हणे. आईने मक्याच्या पानांत उकडून केलेले तमाले आणलेत सगळ्यांसाठी. घरात शिकलेली पहिलीच —

भिंतीपलीकडून तो किंचाळत होता. कोण रडतंय, तिने विचारलं. मी —

कुठलंही घेऊ का, तिने विचारलं. ग्रेटा खाली बघत होती. डॉक्टर माझ्याकडे.

आवडेल ते घे गं. मीच म्हटलं. मीच.

सगळ्यांत लहान पिल्लू गालाला लावलं तिने. पेपिता. टाळ्या वाजल्या. मी मागच्या खोलीत — हाक मारली, तो हुंगत आला — सुई मीच दिली — माझा हात चाटत होता, शेवटपर्यंत —

चादर घेऊन बाहेर आले. मारिसोल माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, किती हळवी आहेस गं तू, आणि —