मावशींची टोपली

४ मार्च
ठमी आज माझ्याकडे आलीच नाही! कामावरून आले, हात पसरले, तर तिला सांभाळायला ठेवलेल्या मावशींच्या पायांना मिठी मारून उभी. दोन वर्षांची, माझ्या पोटची पोर — आणि मला म्हणते, "नको." मावशी हसल्या. वरचे चार दात नाहीत, तरी तोंडभर हसतात.

५ मार्च
काय करतात दिवसभर? काही नाही! कपड्यांचे चिमटे टोपलीच्या काठाला लावायचे, काढायचे. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी. मोज्यांच्या जोड्या. गच्चीच्या भिंतीवर ओल्या ब्रशने रंगवायचं — वाळलं की पुन्हा. मी आणलेले महागडे लाकडी ठोकळे कोपऱ्यात धूळ खातायत. खेळ संपला की ठमी सगळं आपल्या हाताने टोपलीत भरते. मी सांगितलं की ढिम्म.

मोबाइलबंदी माझीच. मावशी आल्या त्या दिवशीच बजावलं होतं, "हिच्या हातात मोबाइल दिसला की तुमचं काम संपलं." म्हणाल्या, "मला तर आलेला फोन उचलता येतो तेवढंच, ताई."

८ मार्च, रविवार
मी चिमटे घेऊन बसले. ठमीने हातातून ओढून घेतले. "माशी लावते." मावशी म्हणता येत नाही, माशी म्हणते. आई म्हणता येतं चांगलं, पण म्हणतंय कोण! नवरा सोफ्यावरून म्हणाला, "जाऊ दे गं, लहान आहे." तो तर तिच्या खिजगणतीतही नाही.

११ मार्च
दातांच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घासल्या. हात तिथे, डोकं घरी. मागच्या महिन्यात मावशींच्या तोंडाचं माप मीच स्वतःहून घेतलं होतं. त्यांचे चार दात आज तयार झाले. सुबक झालेत. पर्समध्ये आहेत.

देणार नाही.

१५ मार्च, रविवार
नवरा बाहेर गेल्यावर कपाटातला जुना मोबाइल चार्ज केला. नाचणारी मांजरं लावली. एकदा ठमीचं बोट धरून दाखवलं, दुसऱ्यांदा तिचं तिलाच जमलं. पाऊण तास माझ्या मांडीवर! हलली नाही. मी तिच्या केसांचा वास घेत बसले. किती दिवसांनी!

१६ मार्च
झालं एकदाचं. सकाळी फोन टोपलीत चिमट्यांखाली सरकवला. अकरा वाजता डोकेदुखी सांगून लॅबमधून निघाले. दार उघडलं — ठमी जमिनीवर, मांडीत फोन, मांजरं जोरात. मावशी शेजारी उभ्या, हातात ओला ब्रश.

"ताई, हा टोपलीत होता... कुणी ठेवला काय की... घ्यायला गेले तर रडते—"

"माझ्या कपाटातून काढलात?"

हे ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. मावशींचा चेहरा एवढासा झाला. पण रडल्या नाहीत, हातही जोडले नाहीत. पिशवी उचलली. दारात म्हणाल्या, "दुपारी पाठीवर बोटाने गोल काढा. मग झोपते." मी दार लावून घेतलं.

ठमी तासभर दारावर लाथा मारत होती.

१७ मार्च
पाठीवर गोल काढले. "नको." फोन दिला. झोपली.

२४ मार्च
आठवडाभर रजेवर आहे. चिमटे दिले, भिरकावले. पाणी दिलं, माझ्या अंगावर ओतलं. जेवण फोनसमोर, झोप फोनसमोर. आता "आई" म्हणते! दिवसातून पन्नास वेळा. बॅटरी संपली की.

खालच्या मजल्यावरच्या काकू सांगत होत्या, मावशींना दोन घरांनी दारातूनच परत पाठवलं. चोरीचं कळलं म्हणे. मी कुणालाच बोलले नव्हते. फक्त काकूंना.

२६ मार्च
नाही राहवलं. नवऱ्याला सगळं सांगितलं — फोन कुणी ठेवला, का ठेवला. वाटलं, आता हा माझं तोंडही बघणार नाही. तो शांतपणे पाणी प्यायला.

"माहीत आहे. ठेवताना पाहिलं होतं मी तुला."

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्याकडेही येत नव्हती ना ती."

उद्या तो ठमीसाठी त्याचा वेगळा फोन आणतोय. मोठ्या पडद्याचा.