पाक कलंडला

सौ. धनश्रीस, भागवतकडून मायेचा निरोप.

मी बरा हाय. फोनवर माझा आवाज ऐकून तू घाबरली असतीस, म्हणून हे पत्र. अक्षर माझ्या खोलीतल्या अजिनाथचं हाय.

सोमवारी चिक्कीसाठी गुळाचा पाक चढवला व्हता. पाण्यात टाकलेला थेंब कडक झाला, तवा शेंगदाणे घालायला मी कढई उतरवली. ती कलंडली. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. बोटं अजून वळत न्हाईत. डॉक्टर म्हणाले, "वेळ लागंल." मालकानं माझ्या जागी दुसरा गडी घेतला.

आईचा गुडघा कसा हाय? तिला यातलं काई सांगू नको.

शनिवारी चकलांब्याला येतोय. स्टँडवर तू एकटीच ये. मला पिशवी उचलता येत न्हाई.

तुझाच,
भागवत