दोन्ही लडी उंबऱ्यात

रविवार, संध्याकाळ. छत्रपती संभाजीनगर.

पैठणहून आत्ताच एसटीनं आले. जेवायचं सुचत नाहीये.

दुपारी आई मागावरून उठली. साडीचं जांभळं रेशीम संपत आलेलं, म्हणून नवी लडी आणलेली. ती जुन्या लडीसकट उंबऱ्यात घेऊन गेली. मी म्हणलं, जुनी सकाळीच बघितलीस की! तर म्हणे, "सकाळचा उजेड येगळा, आत्ताचा येगळा. दोन्ही संगं धरल्याबिगर रंग कळत नाय."

मला लॅबमधलं माझं मोजमाप आठवलं.

चुंबकांच्या कड्यात आम्ही प्लाझ्मा कोंडतो. त्याच्या प्रकाशाचा रंग केसभर किती सरकला, त्यावरून तो किती वेगानं फिरतोय ते मी काढते. पण मूळ रंग दाखवणारा दिवा मी लावते सकाळी, एकदाच. प्लाझ्मा बघते दुपारी. तोवर खोली तापते, यंत्र तापतं, रंग तसाही सरकतो. मग एवढे महिने मी मोजलं काय? प्लाझ्माचा वेग की खोलीचा उकाडा? आणि सरांना आकडा सांगून मोकळी!

स्टँडवर आईला सगळं सांगितलं. ती घाबरली. "मंग फिरत नाय का तुझं ते?"

"फिरतं गं. किती, ते माहीत नाही."

"मंग परत मोज. मी चार बोटं उकलते अन् परत इनते. कोण मेलं का त्यानं?"

उद्या सरांना सांगायचं. दिवा आणि प्लाझ्मा पाठोपाठ मापायचे.

आता डबा उघडला, तर भाकरीच्या फडक्याला दोन जांभळे धागे बांधलेले. एक जुन्या लडीतला, एक नव्या लडीतला. कितीदा उजेडात धरले, मला दोन्ही एकच दिसतात.

आईनं मात्र दुपारीच नवी लडी परत धाडली.